कंपनी बंद पडली, तर राहायचे कुठे?

स्टार्टअपसाठी देश निवडायचा म्हटले की बहुतेक जण एक तक्ता मांडतात. कंपनी किती दिवसांत नोंदवून मिळते, कर किती टक्के, गुंतवणूकदार किती, इंग्रजीवर भागते का. या तक्त्यात सिंगापूर, दुबई आणि एस्टोनिया वर येतात, जर्मनी तळाला जातो आणि अमेरिकेचे बाजारपेठेचे बळ बाकी सगळ्या उण्या बाजू झाकून टाकते. स्थानिक उद्योजकासाठी हा तक्ता ठीक आहे. जो दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर तिथे राहतो, त्याच्या दृष्टीने त्यातला सर्वांत महत्त्वाचा रकानाच गायब आहे: कंपनी दोन वर्षांत बंद पडली, तर त्या देशात राहण्याचा हक्क शिल्लक राहतो का?

बहुतांश स्टार्टअप बंद पडतात, नाहीतर मूळ कल्पना टाकून दुसरेच काही करू लागतात. धंद्याची ही रीतच आहे. स्थानिक माणसाची कंपनी बुडाली की पैसे आणि दोन-चार वर्षे जातात. स्थलांतरिताचे त्याबरोबर घर जाते, मुलांची शाळा जाते, जोडीदाराची नोकरी जाते. ही टांगती तलवार असली की माणूस धंद्याचे निर्णय धंद्याच्या हिशेबाने घेत नाही. मेलेले उत्पादन व्हिसासाठी जिवंत दाखवतो. गुंतवणूकदाराच्या वाईट अटी मान्य करतो, कारण पुढचा पैसा आला नाही तर कागदपत्रेच संपतात. व्हिसाच्या अर्जात जी योजना लिहिली, तिच्यापासून ढळायला घाबरतो, मग ग्राहक दुसरेच काही मागत असले तरी. म्हणून राहण्याची परवानगी कंपनीला बांधलेली आहे की माणसाला, हा प्रश्न करांच्या टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि तो सरकारांनीही स्वतःला विचारायला हवा.

मुद्दा पुढे नेण्याआधी एक गल्लत दूर करू. कंपनीची नोंदणी, संस्थापकाचे राहणे आणि बाजारपेठ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तीन देशांत असू शकतात. एस्टोनियाने डिसेंबर २०१४ पासून दिलेली ई-रेसिडेन्सी हे गल्लतीचे ठळक उदाहरण. ते डिजिटल ओळखपत्र आहे. त्यावर कंपनी उघडता येते, सही करता येते, विवरणपत्र भरता येते. एस्टोनियात राहता येत नाही, आणि तिथले बँक खातेही आपोआप मिळत नाही, कारण व्यवसायाचा एस्टोनियाशी काय संबंध हे बँका विचारतात. उलट बाजूने पाहिले तर पुण्यातल्या कंपन्यांनी हे तीन धागे वेगळे ठेवून मोठी कामे केली आहेत. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या द्रुवाने मुख्यालय पुढे सिलिकॉन व्हॅलीत नेले. २००९ मधली आयसर्टिस वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूमध्ये आणि पुण्यात अशी दोन्हीकडे वाढली. ग्राहक तिकडे आहेत म्हणून अभियंत्याने तिकडे राहायलाच हवे असे नाही.

आता अमेरिका. नॅशनल फाउंडेशन फॉर अमेरिकन पॉलिसीने २०२२ मध्ये मोजणी केली, तेव्हा एक अब्ज डॉलरहून जास्त मूल्याच्या ५८२ खासगी अमेरिकी कंपन्यांपैकी ३१९ कंपन्यांचा किमान एक संस्थापक स्थलांतरित होता. एवढे असूनही त्या देशाच्या कायद्यात स्टार्टअपसाठी व्हिसा नाही. जे आहे ते दुसऱ्या कामासाठी केलेले मार्ग वाकवून वापरणे. भारताच्या काही शेजारी देशांच्या नागरिकांना चालणारा ई-२ गुंतवणूकदार व्हिसा भारतीयांना मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारा करार भारताशी झालेला नाही.

राहिला एच-१बी, म्हणजे मालकाने अर्ज करून मिळणारा तज्ज्ञ नोकरीचा व्हिसा. नोकरीवर असताना स्वतःच्या कंपनीचे शेअर बाळगायला हरकत नाही. त्या कंपनीसाठी काम करायला आहे, मग ते रात्री असो, बिनपगारी असो. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी एक दार अधिकृतपणे उघडले: निम्म्याहून जास्त मालकी असलेल्या संस्थापकासाठी त्याचीच कंपनी एच-१बी मागू शकते. पण पहिली मंजुरी १८ महिन्यांचीच, पहिली मुदतवाढही १८ महिन्यांचीच, आणि निम्म्याहून जास्त वेळ पदवीशी निगडित तज्ज्ञ कामात गेला पाहिजे. सुरुवातीच्या कंपनीत संस्थापक विक्री करतो, भाडेकरार करतो, पगार काढतो. हे सगळे नियमाच्या चौकटीत बसवून दाखवावे लागते. शिवाय कंपनीला ठरलेला पगार द्यावाच लागतो. पैसे नाहीत म्हणून संस्थापकाने पगार सोडला, की व्हिसाची अट मोडली. भारतात बसून नवा अर्ज करणाऱ्याला २१ सप्टेंबर २०२५ पासून एक लाख डॉलरचे शुल्क आहे. त्यामुळे हा मार्ग आधीच अमेरिकेत असलेल्यांपुरताच उरतो.

आणि कंपनी थांबली तर? ६० दिवस. एच-१बीचे काम संपले की जास्तीत जास्त एवढाच अवधी मिळतो, आय-९४ची (देशात राहण्याच्या मुदतीच्या नोंदीची) तारीख त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी.

आंतरराष्ट्रीय उद्योजक नियम म्हणून जे काही आहे, त्याकडे अनेक भारतीय आशेने पाहतात. जानेवारी २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, पुढच्या सरकारने तो रद्द करायला घेतला, २०२१ मध्ये रद्द करण्याचा तो प्रस्ताव मागे घेतला गेला. ३० महिने आणि पुढे आणखी ३० महिने राहता येते. कंपनी पाच वर्षांच्या आतली हवी, संस्थापकाची मालकी किमान १० टक्के हवी, आणि ऑक्टोबर २०२४ पासूनच्या आकड्यांनुसार पात्र गुंतवणूकदाराकडून किमान ३,११,०७१ डॉलर आलेले हवेत. फसायला होते ते 'पात्र' या अटीत. गुंतवणूकदार अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा त्यांच्या ताब्यातली संस्था असावी लागते आणि त्याचा आधीच्या गुंतवणुकींचा ठरावीक इतिहास लागतो. मुंबईतल्या फंडाने दिलेले पाच लाख डॉलर या मोजणीत शून्य. याहून मोठा दोष असा, की हा व्हिसा नाहीच, ती सरकारच्या मर्जीतली प्रवेशाची सवलत आहे. देशात राहून त्यावरून दुसऱ्या व्हिसावर उडी मारता येत नाही, आणि सरकारचे मन बदलले की सवलत जाते.

ओ-१ हा असामान्य कर्तृत्वाचा व्हिसा संस्थापकांना त्यातल्या त्यात बरा. आठ निकषांपैकी तीन पूर्ण करायचे, तीन वर्षे मिळतात, एच-१बीसारखी सोडत नाही. पण तोही अर्जदार संस्थेला बांधलेला, आणि तोही ग्रीन कार्डाचा प्रश्न सोडवत नाही. तिथे एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. ईबी-२ या उच्च पदवीधरांच्या वर्गात भारतीयांची रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे. राष्ट्रीय हिताच्या आधारे मालकाशिवाय स्वतःच अर्ज करता येतो हे खरे, परंतु मंजुरी मिळाली तरी रांग तीच.

म्हणून अमेरिकेत आधीच असलेल्या मराठी अभियंत्याने क्रम पाळावा. आधी नोकरीच्या कंपनीकडून आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने करायचा अर्ज, मंजूर करून घ्या आणि त्यानंतर १८० दिवस जाऊ द्या. मग मालकाने अर्ज मागे घेतला तरी रांगेतली तारीख टिकते आणि सहा वर्षांपुढची मुदतवाढही मागता येते. मंजूर आय-१४०च्या आधारावर जोडीदाराला एच-४ या त्याच्या व्हिसावर कामाचा परवाना मिळतो. त्या परवान्यावर कंपनी काढता येते, चालवता येते, मालकाच्या परवानगीची गरज नसते. घरात दोघेही अभियंते असतील तर एकाने नोकरी सांभाळावी आणि परवानाधारकाने कंपनीचे खरे काम करावे. नावापुरते नाही, खरोखर. नोकरीच्या करारातले शोधहक्काचे, म्हणजे नोकरीत केलेल्या कामाची मालकी कोणाची हे ठरवणारे, कलम मात्र आधी वाचावे. कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलेली एक फाइलही पुढे गुंतवणूकदाराच्या वकिलाला सापडते आणि व्यवहार अडतो.

कॅनडाने २०१३ मध्ये जी स्टार्टअप व्हिसा योजना आणली, तिचे तत्त्व जगात सर्वांत उत्तम होते असे मी मानतो. कायमचे वास्तव्य द्यायचे, आणि नंतर धंदा प्रामाणिकपणे बुडाला म्हणून ते काढून घ्यायचे नाही. मान्यताप्राप्त व्हेंचर फंडाकडून दोन लाख कॅनेडियन डॉलर, एंजल गटाकडून ७५ हजार, किंवा इन्क्युबेटरने (नव्या कंपन्यांना घडवणाऱ्या संस्थेने) स्वीकारल्याचे पत्र. पाचपर्यंत सहसंस्थापक, प्रत्येकाकडे किमान १० टक्के मतदानाचा हक्क. तरी योजना कोसळली, आणि कशी कोसळली ते समजून घेण्यासारखे आहे. इन्क्युबेटरला स्वतःचा पैसा घालावा लागत नव्हता, म्हणून पत्र देणे हाच काहींचा धंदा झाला. अर्ज साचले, प्रतीक्षा वर्षांवर गेली. अत्यावश्यक ठरवलेल्या एका सहसंस्थापकाचा अर्ज फेटाळला की सगळ्यांचेच अर्ज फेटाळले जात, त्यामुळे पाच जणांचा गट पाच वर्षे एकत्र टिकवणे हीच खरी परीक्षा झाली. ३० एप्रिल २०२४ पासून प्रत्येक संस्थेला वर्षाला फक्त १० कंपन्यांची मर्यादा आली, आणि २०२५ च्या अखेरीस नवे अर्ज घेणेच थांबले. हक्क माणसाला द्यावा हे बरोबर होते. तो हक्क कोणाला, हे ठरवण्याचे काम ज्याची काहीच जोखीम नाही अशा मध्यस्थाच्या हाती दिले, ही चूक झाली.

ब्रिटनने नेमके उलटे केले. एप्रिल २०२३ पासूनच्या इनोव्हेटर फाउंडर व्हिसासाठी ५० हजार पौंडांची अट काढली, पण मान्यता देणाऱ्या संस्थेच्या शिक्क्याला एक हजार पौंड, १२ आणि २४ महिन्यांनी होणाऱ्या दोन आढावा बैठकांना प्रत्येकी पाचशे, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. तीन वर्षांनी कायम राहायचे तर सात निकषांपैकी दोन पूर्ण करावे लागतात: दहा पूर्णवेळ नोकऱ्या, दहा लाख पौंडांची उलाढाल, ग्राहकसंख्या दुप्पट, अशा धर्तीचे. छोटी, नफ्यातली, सहा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी यांत बसेलच असे नाही, आणि संस्थेने पाठिंबा काढला तर राहण्याची मुदत कापली जाते. त्याच देशात ग्लोबल टॅलेंट व्हिसा आहे. एकदा पाच वर्षांपर्यंत घ्यायचा. नोकरी करा, कंपनी काढा, बंद करा, दुसरी काढा, कोणाला विचारायला नको. गुणवत्ता सिद्ध झालेल्यांना तीन वर्षांत, होतकरूंना पाच वर्षांत कायम वास्तव्य मागता येते. ज्याच्याकडे पुरावे आहेत त्याने उद्योजकाच्या नावाचा व्हिसा सोडून हा घ्यावा. नावात उद्योजक नसलेला व्हिसाच उद्योजकाला जास्त मोकळीक देतो, हा ब्रिटनच्या धोरणातला मोठा दोष आहे.

आता तक्त्यात तळाला गेलेला जर्मनी. जीएमबीएच, म्हणजे तिथल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला, २५ हजार युरोचे भागभांडवल, नोंदणीवेळी किमान निम्मे भरलेले. नोटरीसमोर करारनामा मोठ्याने वाचून दाखवला जातो. शेअर हस्तांतर करायचे तरी नोटरी, गुंतवणुकीच्या प्रत्येक फेरीत. गुंतवणूकदार सावध. हे सगळे खरे आहे. तरीही पंचविशी-तिशीतल्या मराठी अभियंत्याला मी हाच देश गांभीर्याने पाहायला सांगेन, आणि कारण स्टार्टअपशी थेट संबंधित नाही. ब्लू कार्डावर, म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्यावर, नोकरी लागली, त्या काळात पेन्शनची वर्गणी भरली आणि जर्मनची बी-१ पातळी गाठली, तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. ए-१ पातळीवर २७ महिन्यांनी. परवाना हातात आला की कुठलीही कंपनी काढायला कोणाची मान्यता लागत नाही, व्यवसाय आराखडा तपासायला कोणी येत नाही, आणि कंपनी बुडाली तर पुन्हा नोकरी शोधता येते. अमेरिकेत याच टप्प्याला पोचायला भारतीयाला एक दशकाहून जास्त काळ लागतो. दोन वर्षे पगार घ्यायचा, भाषा शिकायची, क्षेत्रातले ग्राहक ओळखायचे आणि मग उडी मारायची, हा क्रम निव्वळ सुरक्षित नाही. त्यातून कंपन्याही चांगल्या निघतात. ज्यांना पहिल्याच दिवशी संस्थापक व्हायचे आहे त्यांच्यासाठी स्वयंरोजगाराचा वेगळा परवाना आहे, पण तो पुन्हा धंद्याच्या यशाला बांधलेला.

सिंगापूर आणि दुबईबद्दल थोडक्यात सांगता येते. सिंगापूर कंपनीसाठी सुरेख आहे: १७ टक्के कर, एक डॉलर भांडवल, एक स्थानिक रहिवासी संचालक, सहा महिन्यांत कंपनी सेक्रेटरी. राहण्यासाठीचा आंत्रपास पहिल्यांदा एका वर्षाचा, आणि नूतनीकरणाच्या वेळी स्थानिक खर्च व स्थानिक नोकऱ्या मोजल्या जातात. दुबईत पगारावर आयकर नाही, कंपनीवर ३,७५,००० दिरहमच्या वर ९ टक्के, आणि गोल्डन व्हिसा मिळाला तर पाच किंवा दहा वर्षांची निश्चिंती. पण तिथला बाजार छोटा आहे आणि नागरिकत्वाची वाट जवळपास नाही. मुलांच्या शिक्षणाची आखणी करताना हे आठवते.

कॅनडाचा आणि जर्मनीचा अनुभव शेजारी ठेवला की सरकारांनी काय करावे ते स्पष्ट दिसते. कल्पना तपासायचा अट्टहास सोडावा; कुठलाही अधिकारी, इन्क्युबेटर किंवा समिती ते विश्वासार्हपणे करू शकत नाही. माणूस तपासावा: शिक्षण, कामाचा अनुभव, भरलेला कर, गुन्हेगारी इतिहास. त्याला ठरावीक वर्षे मोकळे राहू द्यावे आणि धंदा बुडाला तर निदान वर्षभराची मुदत द्यावी. निर्णयाला कायद्याने बांधलेली वेळमर्यादा असावी, कारण वर्षानुवर्षे चालणारा अर्ज चांगल्या योजनेलाही मारतो.

राहता राहिला भारत. इथे आपल्याला कंपनी बुडाली म्हणून देश सोडावा लागत नाही, आणि हा फायदा हिशेबात धरायला आपण विसरतो. आनंद देशपांडे अमेरिकेतून परतून १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी उभी करू शकले, तेव्हा इथली व्यवस्था आजच्या मानाने फार अवघड होती. नव्या कंपनीला मिळालेल्या गुंतवणुकीवर २०१२ मध्ये आलेला एंजल टॅक्स जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. कंपनी बंद करण्यासाठी २०२३ पासून स्वतंत्र केंद्र आहे; कंपनीचे नाव नोंदीतून काढण्याच्या एसटीके-२ अर्जाला दहा हजार रुपये शुल्क आहे. कंपनी बंद न करता नुसती सोडून दिली तर मात्र प्रत्येक वार्षिक फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये दंड चढतो आणि तीन वर्षे विवरणपत्रे न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतो.

भारतात राहून कंपनी परदेशात नोंदवण्याच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान होताना दिसते. पुण्यात बसून अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात कंपनी उघडायला एक दुपार पुरते. पण ऑगस्ट २०२२ पासूनच्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार तो पैसा बँकेमार्फत, फॉर्म एफसी भरून, ओळख क्रमांक घेऊनच जायला हवा. शिवाय निवासी व्यक्तीचे ज्या परदेशी कंपनीवर नियंत्रण आहे, त्या कंपनीला उपकंपनी असेल, तर तशी थेट गुंतवणूक करायला मनाई आहे. म्हणजे वर डेलावेअर, खाली पुण्याची उपकंपनी आणि मालक पुण्यात, ही जी रचना सर्रास सुचवली जाते, तीच अडचणीची. पहिल्या फेरीच्या कागद तपासणीत हे निघते आणि मग महिने जातात. डेलावेअरचा पहिला फ्रँचायझी करही घाबरवतो: एक कोटी शेअर अधिकृत असतील तर शेअरसंख्येच्या पद्धतीने ८५,१६५ डॉलरचे बिल येते. दुसऱ्या, गृहीत मूल्याच्या पद्धतीने नव्या कंपनीचा तोच कर बहुधा ४०० डॉलर निघतो. उलट दिशेने, ग्रीन कार्डधारकाने नागपुरात प्रायव्हेट लिमिटेड काढली तर अमेरिकेत दरवर्षी परदेशी कंपनीची माहिती देणारा फॉर्म ५४७१ लागतो, चुकला की दहा हजार डॉलर दंड. आणि इथे वर्षात १८२ दिवस राहिलेला एक तरी संचालक शोधावा लागतो. चुकीच्या देशात नोंदवलेली कंपनी परत आणणे किती महाग पडते ते फोनपेने दाखवले: २०२२ मध्ये सिंगापूरहून भारतात येताना तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे आठ हजार कोटी रुपये कर भरावा लागला.

माझे मत असे, की ग्राहक भारतात असतील तर कंपनीही भारतातच नोंदवावी, आणि ग्राहक अमेरिकेत असले तरी पहिले दहा ग्राहक मिळेपर्यंत भारतीय कंपनीच्या नावाने बिले करावीत. परदेशी गुंतवणूकदाराने लेखी मागितल्याशिवाय डेलावेअरला जाऊ नये.

भारताकडेही एक मागणी आहे. आपण वॉशिंग्टन आणि ओटावाकडे आपल्या मुलांसाठी मोकळीक मागतो. पण काठमांडू, नैरोबी किंवा ढाक्याहून येऊन पुण्यात किंवा बेंगळुरूत कंपनी काढू इच्छिणाऱ्यासाठी आपल्याकडे संस्थापकाचा वेगळा व्हिसा नाही. नेपाळी नागरिकाला करारामुळे व्हिसा लागत नाही. बाकीच्यांना बिझनेस व्हिसा किंवा एम्प्लॉयमेंट व्हिसा, आणि दोन्ही पुन्हा धंद्याला किंवा मालकाला बांधलेले. पुण्यात हजारो परदेशी विद्यार्थी शिकतात. इथेच पदवी घेतलेल्या, कर भरायला तयार असलेल्या विद्यार्थ्याला कंपनीशी न जोडलेली पाच वर्षांची परवानगी देण्यापासून सुरुवात करता येईल.